बडनेऱ्याच्या सडकेचा हंगाम

कार्तिक लागला की आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला कापूस येतो. थट्टा नाही. झाडाची एक फांदी सडकेवर झुकलेली आहे. खालून कापसाने भरलेली बैलबंडी गेली, की फांदी वरच्या वर मूठभर कापूस काढून घेते. जकातनाक्यावरचा शिपाई घेतो तशी, मालकाकडे न बघता. पंधरवड्यात झाड पांढरं होतं. चिमण्या त्यातला थोडा ओढून नेतात, थोडा माझ्या दुधाच्या वाटीत पडतो, आणि मी तो बोटाने काढून टाकताना दर वेळी क्षणभर थांबतो.

यंदा कापूस आला त्याच आठवड्यात म्युनिसिपल कमिटीची माणसंही आली. त्यांनी माझ्या ओट्याच्या अलीकडे खुंटी ठोकली आणि मोठ्या आवाजात, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं सांगितलं, "बाबा, सडक मोठी करनं हाय. पुढच्या पन्नास वर्साचा इचार करून राह्यलो आमी. ही लहान पडते आता."

मी हसलो. जरा जास्तच हसलो असेन, कारण त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याला डोळ्यांनीच विचारलं, म्हातारा ठीक आहे ना. ठीक आहे. पण ही सडक कागदावर उतरली, तेव्हा ती इतकी रुंद कशाला म्हणून साऱ्या अमरावतीने मला वेड्यात काढलं होतं. ती रुंद का झाली हे कमिटीत कोणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं गेली. मी एकटा उरलो, आणि माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ते बरंच आहे.

हंगाम दर साली येतो. तो एक मात्र पुन्हा आला नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडाला कापसाचा ताप चढला होता. समुद्रापलीकडे कुठल्याशा देशात भाऊ-भाऊ लढत होते, तिकडचा कापूस अडला होता, आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. आमच्याकडे त्या देशाचं नाव कोणाला धड घेता येत नव्हतं. पण ती लढाई आणखी एक हंगाम चालू दे, म्हणून मारुतीला नारळ फोडणारे भले भले लोक मी पाहिले आहेत. ज्वारीच्या वावरात कापसाची पऱ्हाटी आली, परसात आली. एकाने तर म्हणे घराच्या धाब्यावर माती टाकून पऱ्हाटी लावली. कोणी बैलांची शिंगं चांदीने मढवली, कोणी चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली, असंही ऐकत होतो. मी सडकेच्या कडेला बसून बंड्या मोजणारा माणूस. मला एकही चांदीची धाव दिसली नाही. अर्थात माझ्या मोजण्याचं काय खरं, ते पुढे कळेलच.

वास मात्र खरा होता. सरकीचा तेलकट, किंचित कडू वास गावभर भरून राहायचा. कपड्यांना, भाकरीला, झोपेलासुद्धा. पहाटेच्या थंडीत बंड्यांची रांग दिसायच्या आधी ऐकू यायची. वंगण आटलेल्या आसाचं ते लांबून येणारं कण्हणं, मधूनच एखादी घागरमाळ, एखाद्या गाडीवानाचा खोकला. मग धुक्यातून आधी शिंगं, मग बैलांच्या नाकांतली वाफ, आणि मग हळूहळू वर चढत जाणारा पांढरा डोंगर.

अमरावतीचा परकोट बांधला तो लुटारूंच्या भीतीने. दरवाजे अरुंद ठेवले. शत्रू आत येऊ नये याचा विचार बांधणाऱ्यांनी केला होता. धन आत येईल, आणि तेही एवढं फुगलेलं, हे त्यांच्या मनात आलं नसावं. एके दुपारी अंबा दरवाज्यात दोन बंड्या समोरासमोर आल्या. भरली बंडी मागे घ्यायची विद्या बैलांना नसते, आणि त्या दिवशी गाडीवानांनाही नव्हती. दोघांनी पुढे रेटलं. कापूस कापसात रुतला आणि दरवाज्याला बूच बसलं. दोन्ही बाजूंना गाव साचत गेलं. फुटाणेवाला आला, पाणी विकणारा आला, एका न्हाव्याने दगडावर दुकान मांडलं.

मी त्या काळी सडकेच्या कचेरीत नकाशे उतरवून काढायच्या कामावर होतो. मीही अडकलो होतो, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून न्हाव्यापुढे बसलो होतो. एका गालाला साबण लागलेला, एवढ्यात गर्दीतून घोड्यावर बसलेले आमचे साहेब दिसले. नुसते मला ते दिसले असते तर बिघडलं नसतं. त्यांनाही मी दिसलो.

"तुम यहाँ क्या करता है?" साहेबांनी विचारलं.

मी उभा राहिलो. "साहेब, गाड्यांच्या येण्याजाण्याचा अभ्यास करतो आहे."

साहेबांनी माझ्या साबणाकडे पाहिलं, दरवाज्यातल्या कापसाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून खरोखरच तो अभ्यास माझ्या गळ्यात घातला. आगगाडी अकोल्यापर्यंत आली होती. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत ती बडनेऱ्यात येणार होती आणि अमरावतीला बाजूला टाकून नागपूरकडे जाणार होती. तेव्हा परकोटाबाहेरून बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत नवी सडक हवी. माल तिच्यावरून जाईल, माणसांसाठी दमण्या तिच्यावरून धावतील. गाव वाढणार. आजचं बघू नका, पन्नास सालांनंतरचं बघा, असं साहेबांचं म्हणणं. कुठल्या वाटेने किती बंड्या येतात ते मोजा, त्यावरून रुंदी ठरवू.

मला पन्नास सालांचं काही पडलं नव्हतं. मला पुढचा उन्हाळा हवा होता. त्याचं कारण अकोल्याला होतं.

अकोल्याच्या एका पाटलाच्या मुलीशी त्याच वैशाखात माझं लग्न झालं होतं. सरू तिचं नाव. आई लहानपणीच गेलेली, भाऊबहीण कोणी नाही. घर, गडी, वावर सगळं तिच्याच हातावर चाललेलं. बापाने तिच्या लग्नाचं नाव इतकं उशिरा काढलं, की वीस ओलांडलेल्या त्या मुलीला लोक काय काय म्हणत. लग्न अकोल्याला लागलं. वरात अमरावतीकडे निघाली आणि अवकाळी पाऊस कोसळला. काटेपूर्णेच्या काठी आमची दमणी आसापर्यंत रुतली. काळी माती चाक धरते तेव्हा सावकारासारखी धरते, हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. मला नवरदेवपणाचा जोर चढला होता. मी उडी टाकून खाली उतरलो आणि मागून असं रेटलं, की चाक निघालं आणि त्याच्या जागी मी गेलो. मुंडावळ्यांसकट.

दमणीच्या पडद्याआडून कोणी तरी हसलं. सरूचा चेहरा मी अजून नीट पाहिला नव्हता. हसणं मात्र नीट ऐकलं.

सासरे नदीपर्यंत पोचवायला आले होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला वर काढलं, माझ्या अंगावरचा चिखल काठीने थोडा खरवडला आणि म्हणाले, "जावाईबापू, तुमी तं सडकीच्या कचेरीत हाय नं?"

"हो, मामाजी."

"मंग सडक करा. माह्या दारापासून तुमच्या दारापावतर चाक रुतलं नाई पाह्यजे. ते झालं का नेजा पोरीले."

आणि त्यांनी मुलगी परत घरी नेली. वाजंत्रीवाले अमरावतीला माझ्याबरोबर आले. त्यांना पैसे आधीच दिलेले होते, म्हणून ते वाजवत आले.

तर असा मी, बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आणि पुढे माझी सडक झाली की चाक कुठेच रुतणार नाही या हिशोबाने, राजापेठेच्या पुढे एका बाभळीखाली, दोन गाडगी घेऊन बसलो. पश्चिमेकडून येणाऱ्या बंडीचा खडा एका गाडग्यात, बाकीच्यांचा दुसऱ्यात. आगगाडी अकोल्यालाच थांबलेली असल्याने अमरावतीचा माल बंड्यांनी अकोल्याला जायचा आणि बंड्या मीठ, कापड, सुपारी घेऊन परत यायच्या. त्यांतला एक गाडीवान बाबूखाँ. अकोल्यात त्याचं घर पाटलांच्या वाड्याच्या भिंतीला लागून होतं. निघताना सरू त्याला ताक द्यायची आणि ताकाबरोबर निरोप.

"काय खबर, बाबूभाई?"

"पह्यले तंबाखू काढ, भाऊ. खबर काय रस्त्यावर पडली हाय?"

तंबाखू निघायची. बाबूखाँ सावकाश मळायचा. मागची रांग थांबायची.

"सरूबाई म्हनते, तुरीले शेंगा आल्या."

"आणखी?"

"आनखी काय. शेंगा आल्या म्हन्जे आल्या. तुले काय हिरेमोती पाह्यजे?"

मागच्या बंडीवरचा कुरम गावचा म्हातारा मान वर काढायचा. "शेंगा आल्या म्हनते म्हन्जे पोरीले करमत नाई. माही बायको बी असंच बोले. म्हशीनं दूध चोरलं म्हने, अन् समजून आपुन घ्या."

"काही नाई, बाप्पा," तिसरा म्हणायचा. "तुरीचं तुरीतच राहू दे. तुह्यी बायको म्हशीवरच चिडली असन."

मग त्यावर वाद. मला सडका मोकळ्या करायच्या कामावर नेमलं होतं आणि मी रोज सकाळी भर सडकेवर कोंडी करत होतो.

पुढे काम सुरू झाल्यावर माझेही निरोप जायचे. "सांगा, ओढ्यापर्यंत मुरूम पडला."

बाबूखाँ माझ्याकडे बघत राहायचा. "लगन झालं तुमचं. अन् हे बोलता तुमी? मुरूम?"

"समजेल तिला."

तिला समजत होतं. पुढे तिनेच सांगितलं. ती रोज संध्याकाळी बापाला वाढताना म्हणायची, ओढ्यापर्यंत मुरूम आला म्हणतात. म्हातारा घास खाली ठेवायचा, पाणी प्यायचा, आणि म्हणायचा, मुरमाचं काय, मुरूम वाहून जाते. मग पुन्हा जेवायला लागायचा.

आता खड्यांचं सांगतो. पश्चिमेकडून, बडनेरा-अकोल्याच्या बाजूने, धूळ उठली की मी खडा टाकायचो, कारण बंडी येते आहे हे नक्की झालं. ती जवळ आली, बाबूखाँची किंवा अकोल्याकडची निघाली, काही निरोप निघाला, तर त्या भरात मी आणखी एक खडा टाकायचो. हे मी मुद्दाम करत नव्हतो. माणूस आनंदात जांघेवर हात मारतो, तसा माझा हात गाडग्यात जायचा. नागपूरच्या बाजूने येणाऱ्या बंड्या मी त्याच वेळी गाडीवानांशी गप्पा मारत असल्याने पुष्कळशा न मोजताच गेल्या. हंगाम भरात आला तेव्हा पश्चिमेचं गाडगं भरून वाहत होतं आणि दुसरं अर्धंच होतं.

साहेबांनी ती गाडगी पाहिली. मग त्यांनी नकाशावर बडनेऱ्याच्या सडकेवर पट्टी ठेवली आणि मी काढली होती त्याच्या दुप्पट रुंदीची रेघ स्वतःच्या हाताने मारली. मोजणी चुकली हे मला कळलं होतं. पण साहेबांचा चेहरा इतका उजळला होता, की मी पेन्सिलीला टोक करून दिलं.

गावाने काय ते ऐकवलं. "एवढी रुंद कशाले? हत्तीची वरात काढतो काय?" आमची माय तर सडकेच्या कडेला उभी राहून तळहात पसरायची. "बाप्पा, एवढ्यात आपली वर्साची ज्वारी झाली असती." जिथे जिथे मी जायचो तिथे कोणी तरी मला वाट मोकळी करून द्यायचं, दोन्ही हात पसरून, दुप्पट.

थंडी ओसरत होती. कापसाची शेवटची वेचणी चाललेली. बोंडांच्या काट्यांनी बायांची बोटं फाटलेली असायची आणि त्याच बोटांनी त्या आमच्या सडकेवर गिट्टी फोडायला यायच्या. हातोडीचा तो बारीक, न थांबणारा आवाज मला अजून उन्हाळ्याच्या तोंडावर ऐकू येतो. धुमस घालून गिट्टी ठोकून बसवणाऱ्यांच्या पाठी, दगडी रूळ ओढणारे रेडे, पाणी शिंपल्यावर उठणारी ती गार, करडी वाफ. शिमग्याच्या आसपास सडक तयार झाली. निळसर, कडक, आखून ओढलेली. पहाटे मी तिच्यावर जोडे घालून एकटाच चालायचो आणि जोडे वाजायचे. वऱ्हाडात त्याआधी माझे जोडे कधी वाजले नव्हते. मातीने ते नेहमी गिळलेच होते.

मग बंड्या आल्या. पहिल्या जोडीने सडकेवर पाऊल ठेवलं, उचललं, आणि गाडीवान काही करायच्या आत बाजूच्या मातीत उतरली. दुसरीही. तिसरीने तर पाऊलही ठेवलं नाही. काळ्या मातीत वाढलेल्या बैलाच्या खुराला नाल माहीत नसते. गिट्टीवर तो लंगडायला लागतो. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. शेतकऱ्याचाच मुलगा मी. पण सडक करायची म्हणजे कडक करायची, एवढंच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं. बैलाचं कोणी काढलंच नाही. सडक मधोमध देवळाच्या सभामंडपासारखी रिकामी पडली आणि दोन्ही बाजूंनी बंड्या धूळ उडवत निघाल्या.

नेमके त्याच दिवसांत सासरे आले. सरकीचं बियाणं पाहायला आलो, म्हणाले. उंच माणूस, पांढरं पागोटं, हातात काठी. ते रिकाम्या सडकेच्या मधोमध उभे राहिले आणि एकदा डावीकडच्या बंड्या पाहिल्या, एकदा उजवीकडच्या.

"सडक लय चांगली झाली, जावाईबापू. कोनासाठी केली?"

मी जोड्याने एक खडा बाजूला सारला.

"बैल खालून चालून राह्यले. माही पोरगी काय वरून उडत येईन?"

मग ते उकिडवे बसले आणि अंगठ्याने गिट्टी दाबत दाबत पुढे सरकू लागले. इथे दगड मोठा आहे. इथे उतार जास्त आहे. इथे पाणी साचेल. मी मागे मागे. घरी चला, जेवायला थांबा, म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की काही तरी अभद्र बोललो असावं. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही. तिच्या कडेवर लेकरू दिसेपर्यंत तरी नाही. मुलगी अजून नांदायला आली नव्हती, तरी घर तिचंच. ते स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्याले आणि अकोल्याला परत गेले. काही दिवसांनी बाबूखाँबरोबर निरोप आला: बाबांना सडक पसंत नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते लिहिण्यासारखं नाही. आगगाडीचे रूळ बडनेऱ्याला आले होते. उन्हाळा चढत होता. एकदा पावसाळा लागला, की मुलगी पाठवायची गोष्ट पुन्हा दसऱ्यावर जाणार, आणि दसऱ्याला म्हातारा आणखी काही काढणार. मी सडकेच्या कडेला बसून शिव्या देत होतो; बैलांना, गिट्टीला, स्वतःला. साहेब घोड्यावरून आले आणि त्यांनीही ते दृश्य पाहिलं. मध्ये रिकामी सडक, कडांना बंड्या. त्यांचा चेहरा लाल होऊ लागला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, योजनाच तशी आहे."

"क्या?"

"मधली पक्की सडक टपालाला, घोड्यांना आणि स्टेशनाच्या दमण्यांना. त्यांच्या बैलांना नाल ठोकून घेता येईल. दोन्ही बाजूंच्या मऊ पट्ट्या बंड्यांना. म्हणून तर रुंदी दुप्पट धरली."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. अंबा दरवाज्यातला साबण त्यांना आठवला असेल. पण रुंदीची रेघ त्यांच्या हातची होती. "अच्छा," ते म्हणाले, आणि ते तसंच वर लिहून पाठवलं. नोकरीतली माझी एकुलती एक बढती त्या वाक्यावर झाली. पट्ट्या सारख्या केल्या, झाडं लावली. बाबूखाँने बंडी विकून दमणी घेतली, बैलांना नाला ठोकल्या आणि स्टेशनाची पहिली सवारी गाडी हाकू लागला. गाडी सुटायची वेळ ठरवून द्या, असं साहेबांचं म्हणणं होतं. बाबूखाँ म्हणाला, "गाडी भरली का टाइम झाला." पन्नास सालांत यात फारसा फरक पडेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव बसला. बंड्या विरळ झाल्या आणि सडक आणखीच रुंद दिसू लागली. मग बडनेऱ्याहून फाट्याची आगगाडी गावापर्यंत आली, राजापेठ भरली, दुकानं, गुत्ते, शाळा. एकदा चुकून दूरवरचं बरोबर दिसलेला माणूस म्हणून मला मान द्यायला हवा. पण मी काही दूर बघत नव्हतो. मी फक्त एका दिशेला बघत होतो. अजूनही पश्चिमेकडून बंडी आली, की मी ओट्यावरून अर्धा उठतो. तंबाखू कनवटीला आहे की नाही ते चाचपतो. मग बसतो. सरू जाऊन बरीच वर्षं झाली. वाट पाहणं मात्र देहाला लागलं ते लागलंच, आणि खरं सांगायचं तर ते सुटू नये असंच वाटतं.

त्या वर्षीचा वैशाख संपता संपता निरोप आला: बाबा सडक पाहायला येतात. एवढाच. मी बडनेऱ्याच्या स्टेशनावर नवं धोतर नेसून उभा राहिलो. आगगाडीतून माणसं इंजिनाजवळ उतरत असावीत, असा माझा समज होता, कारण इंजिन सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी थांबली आणि माणसं दुसऱ्या टोकाला उतरली. मी धोतर सावरत धावलो. धुरातून काठी दिसली, पागोटं दिसलं, आणि त्यांच्या मागे, हिरव्या लुगड्यात, एक गाठोडं काखेत घेऊन, सरू.

बाबूखाँने दमणी पुढे आणली. सासरे पुढे त्याच्याजवळ बसले, आम्ही मागे, मध्ये गाठोडं.

"हळू हाक, बाबू," सासरे म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले.

"पाटील, याच्याहून हळू हाकलं तं बैल झोपतीन," बाबूखाँ म्हणाला.

ऊन उतरत होतं. दोन्ही पट्ट्यांवरून रिकाम्या बंड्या चालल्या होत्या, आणि आमच्या नाला ठोकलेल्या बैलांचे खूर मधल्या सडकेवर वाजत होते. जी वाट मी साखळीने पुन्हा पुन्हा मोजली होती, ती त्या संध्याकाळी कुठून सुरू झाली आणि कुठे आली, मला सांगता येणार नाही. परकोट समोर दिसायला लागला तेव्हा सासरे म्हणाले, "थांब."

ते उतरले. काठी टेकत थोडे मागे गेले, उकिडवे बसले आणि सडकेवर अंगठा दाबला.

"इथं खचली हाय."

मी खाली उतरून पाहिलं. त्या तुकड्यावर मी स्वतः उभं राहून धुमस घालून घेतली होती. पाण्याची परात ठेवली असती तर थेंब हलला नसता. मी तोंड उघडलं.

सरू दुसऱ्या बाजूने उतरून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हणाली, "खचली हाय म्हना."

"पण..."

"घरी आता त्याईचं कोनी नाई. पोरीच्या घरी नुसतं भेटाले येनार नाईत ते. यायले काही तं पाह्यजे नं."

नवऱ्याशी ती बोललेली ही पहिली वाक्यं. मी सासऱ्यांजवळ जाऊन बसलो. त्यांच्या अंगठ्याशेजारी माझा अंगठा ठेवला आणि दाबला.

"खचली आहे, मामाजी. काम कच्चं राहिलं. दुरुस्त करून घेतो. पण केलेलं कोणी तरी येऊन पाहायला हवं."

"कचेरीत मानसं नाईत काय?"

"माणसं आहेत. अशी नजर नाही."

त्यांची बोटं गिट्टीवरून फिरत होती, धान्य चाळताना फिरतात तशी.

"मंग यावंच लागीन," ते म्हणाले. "एका पावसात कळत नाई सडकीचं. दर हंगामात पाहा लागते."

माझ्या खांद्यावर भार देऊन ते उठले. पुढे आले नाहीत. सरूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाजूच्या मऊ पट्टीवरून, सडक न्याहाळत, पायी स्टेशनाकडे परत निघाले. ते बाभळींआड जाईपर्यंत दमणी तिथेच उभी होती. बाबूखाँनेही घाई केली नाही.

ते दर हंगामात आले. कापूस विकला की यायचे, उकिडवे बसायचे, आणि मी खाली मान घालून ऐकून घ्यायचो. सरू घरून भाकरी, ठेचा आणि पाण्याची कळशी घेऊन तिथेच यायची. सडक सरकारची, तिच्यावर बसून खाल्लेली भाकर लेकीच्या घरची होत नाही, असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला होता. आमच्या पोरीला कडेवर घेऊन सरू पहिल्यांदा तिथे आली, त्या वर्षी ते घरापर्यंत येऊ शकत होते. आले नाहीत. म्हणाले, आधी सडक पाहू. मग लेकरू मांडीवर घेऊन तिथेच जेवले.

आता त्यांच्यातलं कोणी नाही. कार्तिकात एखाद्या संध्याकाळी मी तिथवर चालत जातो, पट्टीच्या कडेने, जोडे हातात घेऊन. खाली बसायला वेळ लागतो, उठायला त्याहून जास्त. अंगठा दाबून पाहतो. इतक्या बंड्या गेल्या, इतके पावसाळे गेले. त्या जागी सडक अजून खचलेली नाही.